पंचमीपासून मोजलेला आठवा महिना

माझं माहेर धारवाडचं आणि सासर जुन्या हुबळीतलं. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी चिडवायच्या, की आईनं कुकर लावला तर शिट्टी तुला सासरी ऐकू येईल. मलाही अंतराचं काही वाटलं नव्हतं. लग्नानंतर कळलं, की बस दर दहा मिनिटांनी सुटत असली तरी सुनेला ती दोन-तीन महिन्यांतून एकदाच मिळते.

सासरचं कापडाचं दुकान होतं. मिरजेकडून दोन पिढ्यांपूर्वी आलेली माणसं. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कानडी आणि भांडण जुंपलं की दोन्ही. मानानं बोलायचं तर मराठीतही कानडी 'री' लागायचं, आपल्या 'अहो'सारखं. सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे, म्हणून मीही अक्काच म्हणायची. बुटक्या, चपळ, कामाला वाघ आणि बोलायला कंजूष. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. त्यांच्या थोरल्या बहीण, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, शेजारच्याच घरात राहायच्या आणि आमच्या घराचा कारभार तिथून हाकायच्या. अक्कांचे केस पांढरे झाले होते, नातवंड यायची वेळ आली होती, तरी आत्याबाई उंबऱ्यात आल्या की अक्का पदर सावरून उभ्या राहायच्या.

त्या घरात तेव्हा बाजूला बसणं पाळायचे. महिन्याचे ते दिवस मागच्या खोलीत, वेगळी चटई, वेगळं ताट, स्वयंपाकघराकडं बघायचंही नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे सगळं आमच्या घरातून केव्हाच हद्दपार केलेलं. ते वकील होते आणि घरातही वकिलीच करायचे. त्यामुळं मला सासरी ते चार दिवस नुसता संताप यायचा. माझ्या अंगातली गोष्ट दुकानातल्या नोकरालासुद्धा कळते, याचाच जास्त. मी त्या खोलीत बसून भिंतीशी बोलायची. अक्का ताट सरकवून निघून जायच्या, हो नाही की नाही नाही.

मला दिवस गेले ते नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडं. तपासायला एक-दोनदा नेलं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, सगळं ठीक आहे म्हणाले. सोनोग्राफी तेव्हा आमच्यात काही गडबड असली तरच करायचे. माझी पाळी मुळातच लहरी, कधी वेळेवर यायची नाही. आणि तारखा मी कधी लक्षात ठेवल्याच नाहीत. बाजूला बसल्याचा राग तेवढा लक्षात राहायचा.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. सातव्यात डोहाळजेवण करायचं, शेजारच्या कानडी बायका त्याला कुबसा म्हणायच्या, आणि मग मुलीला माहेरी पाठवायचं. पण माझ्या सातव्यात मिरजेला सासऱ्यांचे चुलतभाऊ वारले आणि सुतक आलं. सुतक फिटेपर्यंत आठवा लागला. झालं. आठव्यात गर्भारशीनं वेस ओलांडायची नाही, असं आत्याबाईंनी सांगितलं. आता नववा लागला की बघू.

अप्पा मुद्दाम हुबळीला आले. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी आत्याबाईंपुढं चक्क बाजू मांडली. हुबळी-धारवाड ही कायद्यानं एकच महानगरपालिका आहे. घरपट्टी एकाच ठिकाणी जाते. हद्द एकच असेल तर वेस ओलांडायचा प्रश्न येतोच कुठं? मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि मला वाटलं, जिंकले अप्पा.

"कार्पोरेशनला बाळंतपण कळतंय काय री?" आत्याबाई म्हणाल्या. "मध्ये उणकलचं तळं लागतंय की नाही? पाणी ओलांडलं म्हणजे वेस ओलांडली."

अप्पांनी चहा पिऊन टोपी उचलली. आयुष्यात एवढ्या लवकर हरलेला खटला त्यांचा दुसरा नसेल.

त्या दिवशी मी मागच्या नळाशी भांडी घासायचं निमित्त करून रडले. मला आईच पाहिजे होती, दुसरं काही नाही. अक्कांनी बघितलं. माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि स्वतः घासायला बसल्या.

दोन-चार दिवसांनी त्या आत्याबाईंच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "माझी मोजण्यात चूक झालती. ही शेवटची बाजूला बसली ते आषाढात. आठवा संपला. नववा लागला हिला." आत्याबाईंनी बोटांवर मोजून बघितलं. पण आषाढ-श्रावणात त्या लेकीकडं मिरजेला होत्या, त्यामुळं त्यांच्याकडं मोजायला काही नव्हतं. मीही ते खरं धरलं. अक्का कधी चुकायच्या नाहीत, आणि माहेरी जायला मिळत असताना सासूशी महिन्यांवरून वाद घालणारी सून मला तरी माहीत नाही. घाईघाईनं डोहाळजेवण झालं, हिरव्या बांगड्या भरल्या, आणि बाजारातल्या ओळखीच्या व्यापाऱ्याच्या अ‍ॅम्बॅसॅडरमधून माझी पाठवणी झाली. उणकलचं तळं आलं तेव्हा मी खिडकीतून हात जोडले, उगीच कटकट नको म्हणून.

धारवाडात आठवडा मजेत गेला. आई चारी ठाव खायला घालत होती आणि मी राणीसारखी लोळत होते. मग एका सकाळी न्हाऊन केस पुसत असताना पोट घट्ट झालं. सुटलं. पुन्हा घट्ट झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा आईनं रिक्षा बोलावली.

सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत एका डॉक्टरीणबाईंचं छोटं नर्सिंग होम होतं. बाई पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू, आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा. माणूस बघून कानडी किंवा मराठी बोलायच्या. त्यांनी मला तपासलं आणि पोटावर पुन्हा एकदा हात फिरवून बघितला.

"कितवा म्हणालात?"

"नववा लागलाय," आई म्हणाली.

"पोट लहान वाटतंय. शेवटची पाळी कधी?"

मी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं. "हिच्या सासूबाईंनी मोजलंय," आई म्हणाली. बाईंनी चष्म्यावरून अशी काही नजर टाकली, की बी.ए. झाल्याचं सांगायचं मी टाळलं. सोनोग्राफीवाला नेमका त्याच दिवशी गावाला गेलेला. आणि एवढ्या उशिरा केलेली सोनोग्राफी दोन-तीन आठवडे इकडं-तिकडं सांगते, असंही बाई म्हणाल्या. "सासूबाईंना बोलवा," त्यांनी सांगितलं.

अप्पांनी दुकानात फोन केला. तासाभरात माझा नवरा, अक्का आणि आत्याबाई येऊन पोचले. आत्याबाई येणारच होत्या, त्यांना कोण थांबवणार. खोलीत बाकी सगळ्यांना उभं राहायलाही जागा नव्हती, त्या खुर्चीवर बसल्या.

बाईंनी विचारलं, "नववा नक्की ना?"

"नक्की," आत्याबाईच बोलल्या. "मी ऐकलंय सगळं."

मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजेल असं सांगितलं, आणि त्यांचं ते सांगणं मला अजून पाठ आहे. नववा असेल तर काळजी नाही, येऊ दे बाळाला. पण आठवा असेल तर त्याची फुप्फुसं तयार नसतील. फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात. ते आतून बुळबुळीत असावे लागतात, तर श्वास सोडल्यावर मिटून चिकटत नाहीत. तो बुळबुळीतपणा शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात येतो. आधीच बाहेर आलेल्या बाळाचे फुगे प्रत्येक श्वासाला चिकटतात, दुकानातली नवी प्लॅस्टिकची पिशवी कशी उघडता उघडत नाही, तसे. बाळ दमून जातं. पण आईला एक इंजेक्शन दिलं तर ते नाळेतून बाळाला पोचतं आणि फुप्फुसं लवकर तयार व्हायला लागतात. बारा-बारा तासांनी चार द्यायची. त्यासाठी दोन दिवस कळा थोपवून धराव्या लागतील. कळा थांबवायच्या औषधानं आईच्या छातीत धडधड होते, त्रास होतो, म्हणून गरज नसताना ते द्यायचं नाही. "म्हणून विचारते, आणि खरं सांगा."

मला पुन्हा कळ आली आणि मी पलंगाची दांडी धरली.

"नववा नाही री," अक्का म्हणाल्या. "आठवा आहे. तोही पुरा व्हायचाय."

आत्याबाईंनी मान वळवली. अक्कांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंकडंच बघत म्हणाल्या, "पंचमीच्या आदल्या दिवशी ही बाजूला बसली. पंचमीचे लाडू मी एकटीनं वळले, तिळाचे, शेंगदाण्याचे, सगळे. त्याच्यानंतर बसली नाही. आषाढ मी खोटा सांगितला. हिला आईकडं जायचं होतं."

बाई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या, मागच्या वर्षीची नागपंचमी आठवून तिथपासून महिने मोजत आल्या. "हौद्री," त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, आठवाच." आणि नर्सला हाक मारली.

"म्हणजे आठव्यात वेस ओलांडली," आत्याबाई सावकाश बोलल्या. "आता जे होईल ते तुझ्या माथ्यावर." काठी टेकत त्या बाहेर गेल्या. माझा नवरा बिचारा कुणाकडं जावं ते न कळून दारात उभा राहिला. आई अक्कांकडं बघत होती ती नजर मला बघवत नव्हती. आईच्या मते या बाईनं खोटं बोलून तिची लेक आठव्यात रस्त्यावर घातली होती, आणि त्यामुळंच हे झालं.

"रिक्षानं आणि मोटारीनं कळा येत नाहीत," डॉक्टरीणबाई सिरींज भरता भरता कुणाकडंही न बघता म्हणाल्या. "यायच्या असल्या की देवघरात बसलं तरी येतात." एवढं बोलून त्यांनी मला कुशीवर वळायला सांगितलं.

त्या इंजेक्शनचं मला आजही नवल वाटतं. मी समजत होते काहीतरी परदेशी, बर्फातून आणलेलं असेल. तर साधी दोन बोटांएवढी बाटली, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी, दम्याच्या माणसालाही देतात ती. आईच्या कमरेत टोचायचं आणि पोटातल्या जिवाला श्वास शिकवायचा. तेव्हा सगळीकडं ते देत नसत, हे मला पुढं बऱ्याच वर्षांनी एका ओळखीच्या डॉक्टरकडून कळलं. आमच्या गल्लीतल्या बाईंना ते माहीत होतं आणि त्यांना ते द्यावंसं वाटलं, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. हे मी त्यांना तोंडावरही सांगितलंय. त्या म्हणाल्या, पुरे.

ते दोन दिवस पलंगाच्या पायथ्याला विटा लावून मला उताणं ठेवलं होतं. सलाइनमधून कळा थांबवायचं औषध चालू. हृदय असं धडधडायचं की पलंग हलतोय वाटायचं, हात थरथरायचे, घाम फुटायचा. एक कळ गेली की मी दुसरीची वाट बघायची. दुसरी आली नाही की बाळाला एवढा वेळ मिळाला, असं मनात म्हणायची. तेवढंच काम होतं मला, आणि ते इतकं मोठं होतं की मी कुणावर रागावलेच नाही. माझ्यासारखीला हे सोपं नाही.

उजव्या बाजूला आई आणि डाव्या बाजूला अक्का. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आई थर्मासमधून चहा ओतायची, तो मला आणि नवऱ्याला. अक्का आपल्या डब्यातून भाकरी काढून खायच्या नाहीत, नुसतं झाकण उघडून लावायच्या. आणि कधी नव्हे ते त्या बोलत होत्या. कुठल्या गिऱ्हाइकानं लुगडं धुऊन परत आणलं, समोरच्या घरातली सून रुसून मावशीकडं कशी गेली, शिंप्यानं पुजारीबुवांचा सदरा कसा उलटा शिवला. एकामागून एक. त्यांच्याकडं इतका साठा असेल असं मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. मला हसू यायला लागलं तर लगेच दटावायच्या, "हसू नको. पोट हलतंय."

एकदा मी विचारलं, "तुम्ही घरी का जात नाही? आत्याबाई काय म्हणतील?"

"म्हणायचं ते म्हणून झालंय," अक्का म्हणाल्या. "तू गप पड."

चौथं इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. "आता येऊ दे," म्हणाल्या. जणू बाळ ऐकत होतं, तसं ते पुढच्या सकाळी आलं. मुलगी झाली. दीड किलोच्या आसपास, लाल, सुरकुतलेली, अंगावर बारीक लव. मी जीव कानात आणून पडले होते. आवाज आला तो मांजरीच्या पिलाचा येतो तेवढाच, पण आला. आणि थांबून पुन्हा आला.

मुलांचे डॉक्टर येऊन गेले. श्वास थोडा भराभर आहे, डोक्यावर ऑक्सिजनची पेटी ठेवू, दिव्याखाली ऊब देऊ, आजचा दिवस बघू, म्हणाले. शेजारच्याच खोलीत तिला ठेवलं, मधलं दार उघडं ठेवलं, म्हणजे मला पलंगावरून दिसावी.

पुढचं लवकर सांगून टाकते. ऑक्सिजन तिला थोडेच दिवस लागला. कापसात गुंडाळून, चमच्यानं माझं दूध पाजून आम्ही तिला वाढवली. बारशाला आत्याबाई आल्या नाहीत. पुढं चार-पाच वर्षं त्यांनी अक्कांच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि गल्लीतल्या भजनाला अक्का जायच्या तेव्हा बायका हळूच बाजूला सरायच्या. अक्कांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी तोंड उघडायला लागले की मला गप्प करायच्या. पोरगी दोन हजार साल उजाडेपर्यंत घरभर पळत होती, शाळेत गेली तशी घसा फाटेस्तोवर ओरडायला लागली. विद्यानगरमध्ये तिच्या शाळेच्या खेळांच्या दिवशी ती धावताना बघून मला वेड्यासारखं रडू आलं होतं. शेजारच्या बाईंना वाटलं ती हरली म्हणून. मी त्यांना फुप्फुसांचं काय सांगणार.

पण मी लिहायला बसले ते तिच्या पहिल्या दिवसासाठी.

त्या दिवशी सकाळपासून अक्का त्या शेजारच्या खोलीत स्टुलावर बसून होत्या. दिव्याखाली पोरगी, तिची छाती भराभर वर-खाली होत असलेली, आणि अक्कांची नजर त्या छातीवर. दुपारी नवरा म्हणाला, चला, जेवून या. अक्कांनी नको म्हणून मान हलवली. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, "एनू आगंगिल्ल री, काही होत नाही आता," म्हणाल्या. तरी उठल्या नाहीत. शेवटी आईचंच मन द्रवलं असावं. ती घरी जाऊन त्यांच्यासाठी उपीट करून घेऊन आली, पण तेव्हाही बोलणं नाही, नुसतं स्टुलाजवळ ठेवलं. अक्कांनी त्याला हात लावला नाही. आईचा पारा परत चढला. मला वाटलं, या हट्टी बाईला आता कुणी सांगायचं.

संध्याकाळ झाली. गल्लीतल्या मारुतीच्या देवळात घंटा झाली, नर्सनं येऊन खोलीतला दिवा लावला. अक्का आणखी थोडा वेळ बसून राहिल्या. मग उठल्या, आणि माझ्या पलंगाच्या कडेवर येऊन बसल्या. असं त्या कधी बसल्या नव्हत्या.

"माझी पहिली पण मुलगीच होती," त्या म्हणाल्या. "आठव्यात झाली. मी कुठंच गेले नव्हते, ओसरीच्या खाली पाय टाकला नव्हता. आईकडं पाठवलं नाही, आठवा म्हणून. सकाळी झाली, रडली पण. मग छाती अशी आत-आत ओढायला लागली. मी बघत बसले. माझी आई येऊन पोचायच्या आत, दिवे लावायच्या वेळेला, थांबली."

मी त्यांचा हात धरला. नमस्काराला वाकणं सोडलं तर मी त्यांना त्याआधी कधी शिवलेही नव्हते.

"आत्याबाई म्हणाल्या, ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून झालं. मला आठवत नव्हतं चिरली का नाही. चिरली असेल म्हणून मी तीस वर्षं धरून चालले. परवा डॉक्टरबाईंनी ते चिकटायचं सांगितलं तेव्हा कळलं मला, पोरीला काय होत होतं ते." त्यांनी उघड्या दारातून पलीकडं बघितलं. "दिवे लागून गेले की ग. हिची छाती अजून चाललीय."

आणि मग अक्का रडायला लागल्या, मोठ्यानं, पदर तोंडात न धरता. आई दारात उभी होती, उचललेली उपिटाची ताटली हातात. तिनं ती तिथंच खाली ठेवली आणि येऊन अक्कांच्या शेजारी बसली.